दोन पायऱ्या उतरल्यावर

प्रमिलाकाकू अनोळखी घराची बेल वाजवायच्या आणि दार उघडलं की आधी पाणी मागायच्या.

मत मागायला आलेली बाई पाणी मागते म्हटल्यावर समोरचा गडबडायचा. डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, कोलंबस शहराला चिकटलेल्या डब्लिनमध्ये, कुणी कुणाच्या दारात पाणी मागत नाही. पण जेमतेम पाच फूट उंची, पांढरा अंबाडा, पंजाबी ड्रेसवर गेलेल्या नवऱ्याचं ढगळ जाकीट, आणि "मे आय हॅव सम वॉटर, प्लीज" हे इतकं सहज, की माणूस आत जायचाच. पेला घेऊन बाहेर येईपर्यंत त्याचा चेहरा थोडा सैल झालेला असायचा. मी मागे हातात मतदारांच्या याद्या घेऊन उभी. पहिले दोन-तीन दिवस मला लाज वाटली. मग लक्षात आलं, ज्याला आपण आत्ताच पाणी दिलं त्याच्या तोंडावर दार लावणं अमेरिकन माणसालाही जड जातं.

ते २००४ चं वर्ष. अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात होती. इराकचं युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि लवकर आटपेल असं ज्यांनी सांगितलं होतं ते आता तसं म्हणायचं टाळत होते. ओहायो कुणाकडे जाईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून सगळ्या देशाचं लक्ष आमच्या गल्ल्यांकडे. मला मात्र त्या ऑक्टोबरातलं आठवतं ते वेगळंच. मेपलची पानं संथ गळतायत, वळणावळणाचे रस्ते फिरून पुन्हा त्याच तळ्याशी येतायत, दुपारच्या उन्हात प्रत्येक हिरवळीवर उमेदवारांच्या नावाच्या पाट्या, निळ्या नि लाल, झोपेत असल्यासारख्या उभ्या आहेत. आणि या सगळ्यातून काकू चालल्यायत, पायात पांढरे हॉस्पिटलचे बूट.

मी त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. इचलकरंजीत माझे वडील यंत्रमागावर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. कोलंबसला एम.एस. केलं, इन्शुरन्स कंपनीत नोकरी लागली. मला मत नव्हतं, व्हिसावर होते. पण काकूंना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून शनिवार-रविवार मी त्यांची ड्रायव्हर.

काकूंनी कोलंबसच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटांचं रक्त काढलं. त्या माणसाकडे बघायच्या ते कोपराच्या आतल्या बाजूपासून. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात नव्या जोडप्याची ओळख करून दिली की घरी येऊन म्हणायच्या, "मुलगी गोड आहे न. आणि नस काय सुरेख! डोळे मिटून सुई घाल." एखाद्याबद्दल वाईट बोलायचं असेल तर "त्याची नस सापडत नाही" एवढंच.

त्यांचं एक तत्त्व होतं. "टोचते आता, असं सांगितलं की माणूस हात आवळतो. आवळला की नस पळते. मग तूच भोग. त्याच्या कुत्र्याचं नाव विचारायचं आणि तो सांगत असताना टोचायचं."

दारोदार फिरतानाही हेच. अध्यक्षांविरुद्ध उभ्या उमेदवाराच्या प्रचाराच्या ऑफिसातून आम्हाला एक कागद मिळायचा, कुणाशी काय बोलायचं त्याचा. ऑगस्टमध्ये त्यात आधी नोकऱ्या, मग औषधांचे दर, आणि तळाशी युद्ध. जसजशा संध्याकाळच्या बातम्यांतल्या शवपेट्या वाढल्या तसतसं युद्ध कागदावर वर सरकत गेलं. ऑक्टोबरात ते पहिल्या ओळीत होतं. मी शिकलेली बाई. मी ते पाच मुद्दे पाठ केले होते, पुरावे जिभेवर होते. मी मुद्दे मांडले की लोक "थँक यू" म्हणून दार लावायचे.

काकू मुद्दे मांडतच नसत. त्या पाणी प्यायच्या, दारातल्या शेवंतीची चौकशी करायच्या, गुडघेदुखी ऐकून घ्यायच्या. आपल्याकडे बायका दोन तास बसून बोलतात आणि खरं काम काढतात ते चपला घालताना, दारात. काकूंचंही तसंच. पेला परत द्यायच्या, निरोप घ्यायच्या, दोन पायऱ्या उतरायच्या आणि मग वळून म्हणायच्या, "मंगळवारी मतदान आहे बरं का. ती मुलं घरी यावीत असं वाटत असेल तर बघा."

बस्स. पुढे चालू लागायच्या. मागे तो माणूस पेला हातात धरून उभाच असायचा.

"ती मुलं" म्हणताना त्यांचा आवाज जराही हलायचा नाही. मला मात्र खाली बघावं लागायचं. कारण त्या मुलांतला एक समीर होता.

समीर काकूंचा एकुलता एक. ओहायोतच जन्मलेला, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. काका गेल्यावर घरात दोघंच. २००१ च्या सप्टेंबरनंतर, कॉलेज संपता संपता, तो सैन्याच्या राखीव दलात वैद्यकीय मदतनीस म्हणून भरती झाला. मंडळात कुजबुज झाली. एका काकांनी तोंडावर विचारलं, "प्रमिलावहिनी, मार्क कमी पडले का हो?" काकू म्हणाल्या, "नाही हो, रक्त बघून चक्कर येत नाही त्याला. घरातलंच वळण."

तो बगदादच्या उत्तरेला कुठेतरी होता. सप्टेंबरात परत यायचा होता, ते पुढे गेलं. मग नोव्हेंबर म्हणाले, तेही गेलं. आता 'कदाचित वसंतात'. उन्हाळ्यात तारीख पहिल्यांदा पुढे गेली, काकू प्रचाराला लागल्या त्या तेव्हापासून. त्यांना राजकारणात काडीचा रस नव्हता. मुलगा घरी यायला हवा होता आणि त्यासाठी करण्यासारखं दुसरं काही हाताशी नव्हतं.

त्यांनी हे समीरला कळवलं. त्याचं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं होतं. "ओके, आई. बट डोन्ट मेक मी अ पोस्टर." पुढे लिहिलं होतं की इथले अर्धे जण अध्यक्षांनाच मत देणार आहेत. त्यांच्या शेजारी मला झोपायचं असतं, त्यांच्या जखमा मला बांधायच्या असतात. माझ्या नावावर तिकडे मतं मागितली हे त्यांना कळलं तर मी त्यांच्यात राहू शकणार नाही. प्रॉमिस कर.

काकूंनी वचन दिलं. म्हणजे असं, की ज्या एका वाक्याने त्या गल्लीतलं कुठलंही दार उघडलं असतं ते वाक्य तोंडात ठेवून त्या दारोदार फिरत होत्या.

एका रविवारी तळ्याच्या पलीकडच्या घरी गेलो. खिडकीत छोटं निशाण होतं, पांढऱ्यावर एक निळा तारा. घरातलं कुणी युद्धावर असेल तर लावतात. काकूंचं घडी घालून कपाटात होतं. दार उघडलं साठीच्या उंच माणसाने, डेल त्याचं नाव. त्याने पाणी आणलं खरं, पण याद्या बघून त्याचा जबडा घट्ट झाला.

"तुमचा उमेदवार युद्धाला आधी हो म्हणाला, आता नाही म्हणतो. असल्या माणसाच्या हाती सैन्य द्यायचं?"

मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझ्या कोपराला चिमटा काढला.

डेल म्हणाला, "तुम्ही लोक येता, कागद वाचता. तिथे तुमचं कुणी आहे का? आहे कुणी?"

काकू खिडकीतल्या ताऱ्याकडे बघत होत्या.

"नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"टायलर, माझा मुलगा," डेल म्हणाला. आणि मग बोलतच राहिला. टायलर तिथे सैन्याचा ट्रक चालवतो, त्याला लोणी लावलेला मका आवडतो, आठवड्याला फोन करायचा, आता दोन आठवडे झाले. बोलता बोलता तो दाराबाहेरच्या बाकावर बसला. काकूही बसल्या. अर्धा तास. निघताना त्या दोन पायऱ्या उतरल्या, वळल्या, आणि पहिल्यांदाच मताचं बोलल्या नाहीत. "मी टायलरचं नाव रोज घेईन," एवढंच म्हणाल्या.

गाडीत मला राहवेना. "काकू, सांगायचं की हो! एका शब्दात गप्प झाला असता."

"तेच तर. गप्प झाला असता. त्याला बोलायचं होतं न, बाई."

त्या दिवसापासून देवापुढे निरांजन लावताना समीरच्या आधी टायलरचं नाव यायचं. मी जिन्यावरून ऐकलंय.

आता माझी चूक सांगते.

निवडणुकीला दहा दिवस राहिले असताना आम्ही नव्या याद्या घ्यायला ऑफिसात गेलो. तिथला मुख्य ब्रायन, चोवीस वर्षांचा, पिझ्झ्यावर जगणारा. त्याने काकूंकडे बघून मला विचारलं, "या कोण? यांच्या गल्लीचे आकडे सगळ्यांत चांगले आहेत."

मोठ्या माणसाची ओळख आपण कशी करून देतो? मंडळात, लग्नात, कुठेही? 'यांचा मुलगा तिथे असतो', 'यांची मुलगी अमुक झाली'. आमच्या आईला अख्खी गल्ली वैशालीची आई म्हणूनच ओळखते, आणि मी इंजिनीअर झाले त्या दिवसापासून ती तशीच ओळख सांगते. माझ्या तोंडून तेच आलं, अभिमानाने आलं. "या प्रमिलाकाकू. यांचा मुलगा समीर इराकमध्ये आहे."

वाक्य संपायच्या आत मला कळलं. ब्रायनच्या हातातला पेन थांबला.

मग तो काकूंपुढे खुर्ची घेऊन बसला. शनिवारी शाळेच्या जिममध्ये मोठी सभा होती, टीव्हीचा कॅमेरा येणार होता. तुम्ही फक्त दोन मिनिटं बोला. काकू मान हलवून नाही म्हणत राहिल्या. शेवटी तो हलकेच म्हणाला, "मॅम, ओहायो फिरलं तर कदाचित तो लवकर घरी येईल." तो लबाड नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

घरी येताना मी रडत गाडी चालवली. काकू म्हणाल्या, "समोर बघ. सवय आहे आपल्याला तशी, तू तरी काय करशील." मग दोन दिवस त्या समीरच्या पार्सलसाठी शंकरपाळे तळत होत्या. घरभर तुपाचा वास, खिडकीबाहेर पानं पडतायत, आणि त्या एकेक शंकरपाळा उलटतायत, जणू त्यातल्या एखाद्यावर उत्तर लिहिलेलं सापडणार आहे. तिसऱ्या दिवशी डबा बंद करताना म्हणाल्या, "त्या पोराला सांग, येते म्हणून."

"आणि समीर?"

"रागावेल. रागवायला जिवंत तर असेल."

शनिवारी जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बास्केटबॉलच्या रिंगला फुगे बांधले होते. काकूंनी त्या दिवशी नारायणपेठी नेसली होती, वर तेच जाकीट. सूत्रसंचालक बाई गहिवरून म्हणाल्या, "आता आपल्यासमोर येत आहेत एका सैनिकाच्या आई." सगळी जिम उठून उभी राहिली. काकू माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्या डोक्याच्या वर. कुणीतरी धावत येऊन तो खाली केला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

काकूंनी समोर बघितलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, रांगेत बसलेल्या पेशंटांकडे बघावं तसं. मला वाटलं त्या आता पडणार.

"थँक यू. प्लीज सिट," त्या म्हणाल्या. सगळे बसले. "बाईंची थोडी चूक झाली. मी आज कुणाची आई म्हणून आलेली नाही. मी या भागातली मतदार आहे. आपलं मतदान केंद्र बदललंय, ते आता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आहे. पुढच्या फाटकातून गाडी घातली की अडकायला होतं. मागून या. पाऊस सांगितलाय. छत्री आणा, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घडीची खुर्ची आणा. रांग सोडून जाऊ नका. जिवाला बरं नसेल तर शेजाऱ्याला जागा धरायला सांगा."

आणि त्या खाली उतरल्या.

टाळ्या पडल्या, पण अशा, की वाजवणाऱ्यांनाच कळेना कशासाठी. टीव्हीवर त्यातलं काही आलं नाही. ब्रायन भिंतीला टेकून छताकडे बघत होता. काकूंनी जाता जाता त्याच्या गालाला हात लावला.

गाडीत बसल्यावर मी काही विचारणार नव्हते. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "मी बोलायचं ठरवूनच गेले होते. शपथ. वाक्य पाठ केलं होतं."

"मग?"

"तू त्यांचे चेहरे बघितले का? पुढच्या रांगेतली बाई हातरुमाल काढून बसली होती. सगळ्यांनी चेहरे आधीच करून ठेवले होते, तो गेल्यासारखे." त्यांनी काचेबाहेर बघितलं. "माझा मुलगा जिवंत आहे, वैशाली."

सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. तो हॉर्न मला आजही फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो.

मंगळवारी खरंच पाऊस पडला. चर्चच्या हॉलबाहेर रांग गवतावरून, गाड्यांमधून, पार रस्त्यापर्यंत. मला मत नाही, म्हणून मी लांब गाडीत बसून काचेवरच्या ओघळांतून बघत होते. सगळ्या छत्र्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले, आणि त्यात काकू अंगुळ अंगुळ पुढे सरकतायत. तीन तास लागले. त्यांच्या पुढे डेल उभा होता, भिजत. काकूंनी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. तो उंच, या बुटक्या. हात पूर्ण वर करून धरली होती आणि दर थोड्या वेळाने हात बदलत होत्या. डेल मत कुणाला देणार ते दोघांनाही ठाऊक होतं. टायलरचा फोन आला होता, हे काकूंनी गाडीत बसता बसता मला सांगितलं, निवडणुकीतली एकमेव बातमी सांगावी तसं.

आमचा उमेदवार हरला. ओहायोतच हरला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही, बेसमेंटमध्ये भिंतीकडे तोंड करून पडले. मला मनापासून वाटलं होतं की काकू बोलल्या असत्या तर... ते वाक्य मी कधी पुरं केलं नाही. वरून काकूंचा फोनवरचा आवाज येत होता. "ब्रायन? हॅव यू ईटन?" दुपारी आम्ही डबाभर पोहे घेऊन त्या ऑफिसात गेलो. टेबलं उलटी करून ठेवली होती. तो पोरगा जमिनीवर बसून पोहे खात होता आणि त्याच्या नाकातून पाणी येत होतं, मिरचीमुळे म्हणाला. काकूंनी त्याच्या कोपराकडे बघितलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "नस चांगली आहे. टिकेल."

समीरला त्यांनी सगळं लिहिलं. माझी चूक नाही लिहिली. स्टेजवर चढले होते, एवढं लिहिलं, आणि उतरले. त्याचं उत्तर काय आलं ते मला ठाऊक नाही. ते मात्र त्यांनी मला वाचायला दिलं नाही.

हिवाळाभर बर्फ पडत राहिलं, निरांजनापाशी दोन नावं चालू राहिली. एप्रिलअखेर समीर आला. शरीराने धड आला. बाकीचं मला विचारू नका. माझ्याशी तो सभ्यपणे दोन शब्द बोलला, मग दिवसभर झोपायचा, रात्री अंगणात फेऱ्या मारायचा. काकू त्याला काही विचारत नसत.

मे महिन्यात मला जॉर्जियात, अल्फारेटाला नवी नोकरी लागली. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरून मी निरोप घ्यायला मागच्या अंगणात गेले. संध्याकाळचे साडेपाच-सहा. ऊन तिरपं, पिवळं, अजून बरंच तापलेलं. समीर गवतावर उताणा झोपला होता, एक हात बाजूला पसरलेला, तोंड थोडं उघडं. काकू त्याच्याजवळ उभ्या होत्या. काही करत नव्हत्या. आधी मला कळलंच नाही त्या तिथे अशा मध्येच का उभ्या आहेत. मग दिसलं, त्यांची सावली बरोबर त्याच्या चेहऱ्यावर पडत होती.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी लांबूनच नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, जा म्हणाल्या, नीट जा, हे सगळं त्या मानेतच.

मी कुंपणाचं दार आवाज न करता लावलं, गाडीत बसले, किल्ली फिरवायला उगीच वेळ लावला. ऊन सरकत होतं. मी निघेपर्यंत काकू दोनदा अर्धं पाऊल बाजूला सरकल्या.